काहील उतरवायची खूण

आमच्या आत्याचे यजमान नसते तर मी आज इथं नसतो, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. पुढं लिहिता लिहिता माझं काही राहून गेलं, आणि माझं नेहमी काहीतरी राहून जातंच, तर निदान एवढं तरी पोचलेलं असावं. ‘इथं’ म्हणजे आसामात, ब्रह्मपुत्रेवरच्या एका पुलाच्या कामावर, घरापासून तीन दिवसांच्या रेल्वेवर. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांना स्वतःलाच नावानं हाक मारलेली चालत नाही. हाक कानाला लागते, माणसाला लागत नाही, असं त्यांचं मत आहे. खांद्याला हात लावला तर वळतात. नाहीतर तुम्ही बांधावरून दिवसभर ओरडा. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली समस्त माणसं बाजाराच्या दिवशी मिळून जेवढं बोलत असतील, तेवढं मामा एका सकाळी न बोलता सांगतात. मुके नाहीत. आवाज चांगला खणखणीत आहे. पण तोंड हे खाण्यासाठी आणि हात हे बोलण्यासाठी, अशी त्यांनी स्वतःपुरती वाटणी करून टाकली आहे.

माझं उलटं होतं. माझे हात कामाचे आणि तोंड बिनकामाचं. पाटणच्या वर, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. शाळा नववीत सुटली. शाळेचा दोष नाही, गुरुजींचा तर मुळीच नाही. बिचाऱ्यांनी लय वाट बघितली. उत्तर मला यायचं, पण उभं राहून सांगायची वेळ आली की जबडा आवळायचा, कानात घूं व्हायचं आणि वर्ग हसायला लागायचा. एके दिवशी दप्तर घरी ठेवलं ते ठेवलंच. त्यानंतर चार-पाच वर्षं कुठं हॉटेलात, कुठं गॅरेजात काढली. सगळीकडं गत एकच. साहेबानं किंवा गिऱ्हाईकानं समोर उभं करून काही विचारलं की मी खांबासारखा उभा. शेवटी आईनं मला कुंडलकडं आत्याच्या घरी पाठवलं. मामा तिथल्या एका गुऱ्हाळावर गुळव्या होते. म्हणजे उसाचा रस काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, आटत असताना त्याचा पाक कधी झाला आणि काहील कधी उतरवायची, हे ज्याच्या शब्दावर, मामांच्या बाबतीत हातावर, ठरतं तो माणूस.

मी दारात उभा राहिलो तेव्हा मामांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग माझे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले, बाजारात गाजर बघावं तसे. आणि आत्याला म्हणाले, “ह्याच्या तोंडाला कुलूप हाय. हात उघडं हायती. चालंल.”

आत्या चुलीपुढून म्हणाली, “अगं बया, एकदम तीन वाक्यं! पाव्हणा लय मानाचा दिसतोय.”

दुसऱ्या दिवसापासून मी चुलवाणापाशी. गुऱ्हाळाची रचना अशी, की वर काहील आणि काहिलीपाशी गुळव्या. खाली पलीकडच्या अंगाला चुलवाणाचं तोंड आणि तिथं उसाची वाळलेली चिपाडं आत सारणारा मी. मध्ये वाफेचा पडदा आणि शेजारी घाण्याची मोटर. ओरडून काही पोचत नाही. सगळ्याच गुऱ्हाळांवर गुळव्या हातानं खुणा करतो, त्यात नवल नाही. पण बाकीचे बोट वर-खाली करतात, मामा अख्खं अंग लावतात. जाळ वाढवायचा असला की स्वतःला कवटाळून कुडकुडायचे; काहिलीला थंडी वाजतीया. जाळ कमी पाहिजे असला की सदऱ्याची गळपट्टी ओढून टॉवेलानं वारा घ्यायचे. फेस वर चढून उतू जायला आला की गळ्याशी हात नेऊन, गाडी लागलेल्या माणसासारखा चेहरा करायचे, आणि मग वरून शेंगतेलाचे चार शिंतोडे मारायचे. फेस खाली बसला की मामांचाही चेहरा निवळायचा. आणि पाक झाला, आता जाळ ओढ, काहील उतरवायची, ही खूण सगळ्यांत मोठी. त्या वेळी मामा गुडघ्यात वाकायचे, दोन्ही हात उताणे पुढं करायचे आणि झोपलेलं पोर उचलावं तसे सावकाश, श्वास रोखून उभे राहायचे. डावा खांदा जरा वर आणि मान उजवीकडं कललेली. ही खूण दिसली की चौघं गडी काहिलीला हात घालायचे, तेसुद्धा आपोआप हळू. दुसऱ्या गुऱ्हाळावर “उचला, उचला” म्हणून बोंब मारत काहील उतरते. आमच्याकडं ती देवळातल्यासारखी उतरायची.

पहिल्या आठवड्यात मी या खुणा पाठ करायला लागलो. थंडी म्हणजे जाळ वाढव, वारा म्हणजे कमी कर, असं मनात घोकायचो आणि ऐन वेळी उलटं करायचो. एकदा मामा वर कुडकुडत असताना मी जाळ ओढला. ते खाली उतरून आले. मला वाटलं, आता परत पाटणची गाडी. त्यांनी माझा हात धरून रसाच्या थंडगार टाकीत कोपरापर्यंत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. मला शिरशिरी आली तसा सोडला. मग म्हणाले, “आता काय पायजे वाटतंय?”

“शेकाय पायजे, मामा.”

“मग काहिलीला बी तेच. खूण डोस्क्यात ठिवू नगंस. तिथनं पडती. अंगात ठिव.”

त्या दिवसापासून मी चुकलो नाही. म्हणजे त्या गुऱ्हाळावर तरी.

गुऱ्हाळाचे मालक अण्णा, जैन शेतकरी, मोठे हौशी आणि बोलघेवडे. संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकून त्यांच्या तोंडाला जी मोकळीक मिळायची ती सगळी ते मामांवर खर्च करायचे. एकदा त्यांनी सांगलीहून पाकाची उष्णता मोजायचा भलामोठा थर्मामीटर आणला. मामांनी तो घेतला, पुसला आणि गंभीरपणे काखेत धरून बसले. अण्णा म्हणाले, “अहो गुळव्या, तो काहिलीत धरायचा असतो!”

मामा म्हणाले, “आदी माजं खरं सांगतोय का बगू.” मग काखेतून काढून आकडे निरखले आणि परत दिला. “मला ताप न्हाई हे त्याला कळंना. पाकाचं काय कळणार?”

तो थर्मामीटर पुढं अण्णांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात गेला. मामा पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचे, बोटानं गोळी वळायचे, ती पितळी तांब्यावर मारून आवाज ऐकायचे आणि उरलेला निकाल जीभ द्यायची. गोळी बरोबर जमली की उजवा कान आपोआप हलायचा. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी आठवडाभर मामांच्या कानावर पाळत ठेवली, आणि मामांनी आठवडाभर टोपी कानावर ओढून घेतली.

एवढं सगळं अंगानं बोलणारा माणूस, पण कधी कधी त्यांना शब्दांचा झटका यायचा, वर्षातून दोनदा. अण्णांनी एकदा सहज विचारलं, की या खुणा शिकला कुणाकडून? मामा काठावर बसले आणि म्हणाले, “कुणी कशाला शिकवाय पायजे? पोरगं आदी रडतं का आदी ‘भूक’ म्हंतं? पोटात कळ येती, मग हात पोटावर जातो, शबुद लय मागनं चालत येतो, कुबडी टेकत. आता वर आन खाली घ्या. माणूस आजारातनं उठला की वर, पडला की खाली. आपुन उभं ऱ्हातो म्हणून वर-खाली हाय. माशाला इचारा, त्याला काय ठाव?”

अण्णा म्हणाले, “माशाला कोण विचारणार?”

“म्या इचारलंय,” मामा म्हणाले. “न्हाई बोलला.”

या स्वभावाच्या अडचणीही होत्या. दोन हातांत दोन बादल्या असल्या की मामांशी बोलणं बंद. कुणी रस्त्यात काही विचारलंच, तर दोन्ही बादल्या खाली ठेवणार, उत्तर देणार, परत उचलणार. चार माणसं भेटली तर विहिरीपासून घर अर्ध्या तासावर जायचं. जेवताना अर्धंच बोलता यायचं, कारण उजवा हात ताटात. आत्या म्हणायची, “आवं, पोळी आणू का भाकरी?” आणि हे डाव्या हातानं असं काही करायचे, की ती दोन्ही आणायची. संसारात भांडण कसं झालं नाही, असं शेजारच्या बाईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “भांडायला हात रिकामं लागत्यात. ह्यांचं दोनी हात बोलण्यात गुतल्यालं!” फोनवर तर मामा भलतेच. तिकडून माणूस “हॅलो, हॅलो” करतोय आणि हे इकडं हातवारे करून सविस्तर उत्तर देतायत. व्हिडिओ कॉल आल्यावर वाटलं, आता सोय झाली. पण दोन्ही हात चित्रात मावावेत म्हणून मामा फोन गुळाच्या ढेपेला टेकवून मागं मागं सरकतात, आणि बोलणं महत्त्वाचं असलं तर पार उसाच्या फडापर्यंत जातात. मग पडद्यावर हिरवा ऊस आणि त्यात हलणारा एक ठिपका.

पुलावरच्या कामाची बातमी आणली ती शेजारच्याच, फौजेतून परतलेल्या एका माणसानं. मी जायचं ठरवलं आणि तीन रात्री डोळा लागला नाही. निघायच्या आधी मामा मला आणि आत्याला घेऊन औंधला यमाईच्या डोंगरावर गेले. देवीसमोर सगळे हात जोडून पुटपुटत होते, मामा मात्र देवीला खुणा करत होते. मागच्या माणसांची रांग खोळंबली. आत्या दबक्या आवाजात म्हणाली, “आवं, देवीला तरी तोंडानं सांगा.”

मामा म्हणाले, “एवढं डोळं तिला दिल्यात ते कशाला?”

आणि शेवटी त्यांनी तीच मोठी खूण केली. गुडघ्यात वाकून, हात उताणे, डावा खांदा वर, सावकाश उभं राहणं. मला वाटलं, यंदाचा हंगाम नीट उतरू दे म्हणून सांगतायत.

इथं आलो आणि पंधरा दिवसांत माझी जुनी गत परत समोर. साइटवर मोठी क्रेन. तिच्या केबिनमध्ये, चाळीस माणसं एकावर एक उभी केली तर पोचतील इतक्या उंचीवर, एक ओडिया ऑपरेटर बसतात. त्यांना सगळे चाचा म्हणतात. खालून त्यांना खुणा करणारा माणूस लागतो, कारण नदीवरचा वारा वॉकीटॉकीतलं अर्धं बोलणं उडवून नेतो. ते काम मला देणार होते. अट एकच. सेफ्टीच्या साहेबांसमोर खुणांची परीक्षा द्यायची. पास झालो तर राहायचं, नापास झालो तर शनिवारी परत निघणाऱ्या गाडीत बसायचं. भिंतीवर तक्ता होता, प्रत्येक खुणेचं चित्र आणि खाली इंग्रजी. मी तो रोज घोकला. आईला, आत्याला, गल्लीला सांगून आलो होतो. परत कोणत्या तोंडानं जायचं, आणि ते तोंड तर आधीच कुलूपबंद.

परीक्षेला साहेब वही घेऊन उभे राहिले आणि माझ्या कानात तेच घूं सुरू झालं. सळयांचा भारा क्रेनला बांधलेला. वर उचलायची खूण मी कशीबशी दिली. भारा जमिनीपासून हातभर उठला आणि वाऱ्यानं झुलायला लागला. तक्त्यातली सगळी चित्रं डोक्यातून एकदम पुसली गेली. साहेब म्हणाले, “सिग्नल दो! सिग्नल दो!” भारा झुलतोय, माझा जबडा आवळलेला. आणि माझा उजवा हात आपणहून वर गेला आणि त्यानं त्या भाऱ्यावर, कुणाला न दिसणारे, शेंगतेलाचे चार शिंतोडे मारले.

साहेबांची पेन्सिल थांबली. बाजूचे गडी हसायला लागले, नववीच्या वर्गासारखे. पण वर चाचांनी क्रेन जागच्या जागी धरली. काही हलवलं नाही. भारा झुलत झुलत, फेस बसावा तसा, शांत झाला. मग मी गुडघ्यात वाकलो, हात उताणे केले, मामांसारखा डावा खांदा जरा वर धरला आणि श्वास रोखून सावकाश उभा राहिलो. तो भाराही माझ्याबरोबर तसाच उठला, झोप न मोडता.

साहेब म्हणाले, “ये कौन सा सिग्नल है? किताब में तो नहीं है.”

मला उत्तर येत होतं, पण सांगता येईना. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. चाचा म्हणाले, “साहब, किताब का मुझे पता नहीं. मुझे समझ में आ गया.”

साहेब कडक, पण मनाचे भले. त्यांनी सांगितलं, की समजलं हे बरोबर, तरी उद्या दुसरा ऑपरेटर असेल, त्याला तुझ्या या खुणेचं काय ठाऊक? किताबातल्या खुणा उद्या सकाळी परत द्यायच्या. शेवटची संधी. बरोबरच होतं त्यांचं. त्या दुपारी मी तक्त्यासमोर पुन्हा बसलो, पण या वेळी इंग्रजीकडं बघितलंच नाही. एकेक चित्र अंगाला लावून बघितलं. ‘हळू’ची खूण अशी आहे, की एका हाताचं बोट खूण करतं आणि दुसरा तळवा त्याच्यावर आडवा, स्थिर धरायचा. मी तसं धरलं आणि वाटलं, हे तर पोराच्या डोक्यावर हात धरल्यासारखं आहे. ‘थांब’ म्हणजे अंगावर धावून येणाऱ्या बैलापुढं हात आडवा होतो तसं. ही किताब लिहिणाराही कुठंतरी कधीतरी भ्यालेला, थकलेला, कुणाला सांभाळून धरलेला माणूसच असणार. दुसऱ्या दिवशी सगळ्या खुणा दिल्या. एकही चुकली नाही. साहेबांनी वहीत सही केली आणि मला हिरवं जॅकेट दिलं. शनिवारची गाडी माझ्याविना गेली.

आता वर्ष होत आलं. मी गुऱ्हाळावरचा म्हणून चाचा मला ‘गुड़वाला’, गूळवाला, म्हणतात. परवा चहा पिताना त्यांनी विचारलं, “अरे गुड़वाला, सब ठीक करता है, लेकिन पहले दिन वो कंधा क्यों टेढ़ा किया था? बायाँ वाला?” मी तर मामांचं बघून केलं होतं. खुणेतलं सगळं मला अंगातून कळलं होतं, तेवढा डावा खांदा सोडून.

म्हणून रविवारी सकाळी आत्याला फोन लावला. तिनं तो मामांपुढं धरला. तिकडून नुसता श्वास आणि कोंबड्याचं आरवणं. मग आत्याच म्हणाली, “तुजा मामा काय सांगायचा न्हाई. मीच सांगती. तू तीन वर्साचा हुतास. तुजी आई तुला घिऊन आलती आन तू गुऱ्हाळावर चिपाडाच्या ढिगावर झोपलास, अंगात ताप. ह्यांनी तुला उचाललं आन फडातनं, बांधावरनं घरापातूर आणलं. तुजं डोस्कं ह्यांच्या डाव्या खांद्यावर. जागं हुईल म्हणून मान बी वळवली न्हाई ह्यांनी. त्याच्या आदी हे बी बाकीच्यांवानीच बोंब मारून काहील उतरवायचं, रं. ती खूण तवापासनं.”

या वेळी तोंडाला कुलूप नव्हतं. मी विचारलं, “आत्ता काय करत्यात मामा?”

“हात वर करत्यात,” आत्या म्हणाली. “पर डावा खांदा धरलाय यंदा. हात छातीपातूरच जातोय. डॉक्टर म्हंतोय, हाय तेवढंच. गुऱ्हाळावर गडी समजून घेत्यात.” मग हसत म्हणाली, “आता टॉवेलानं वारा घ्यायला लागल्यात. जाळ कमी कर म्हणत्यात, म्हंजी फोन ठिव.”

ती रविवारची सकाळ मला फार शांत गेली. नदीवर धुकं होतं आणि क्रेन उभी होती. मी चाचांना सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या हिंदीत, पण तोंडानं, एका दमात. ते ऐकून वर केबिनकडं बघत म्हणाले, “बुलाओ उनको.”

मामा आजवर मिरज स्टेशनच्या पलीकडं गेलेले नाहीत, तरी एक दिवस मी त्यांना इथं आणणार आहे. मधल्या प्रत्येक स्टेशनवर त्यांच्या बादल्या मी धरीन, म्हणजे त्यांना बोलता येईल. पुलाचा शेवटचा भारा चढायचा असेल तेव्हा साहेबांची परवानगी काढून, माझं हिरवं जॅकेट त्यांना घालून, त्यांना माझ्या जागेवर उभं करणार आहे. मामा, तुम्ही फक्त गुडघ्यात वाका आणि हात छातीपर्यंत न्या. तिथून पुढं वर न्यायचं काम चाचांचं आणि माझं.